प्लेटलेट्स वाढवण्याच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की प्लेटलेट्सविषयीचा एक लांबलचक संदेश कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पुन्हा फिरू लागतो. आता त्याची जी आवृत्ती फिरते आहे तिच्यात डेंग्यूच्या जोडीला ‘आयटीपी’ या, प्लेटलेट्स घटवणाऱ्या दुसऱ्या एका आजाराचे नावही बसवलेले आहे. मजकूर थोडक्यात असा: प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली गेल्या की जीव धोक्यात येतो आणि पन्नास हजारांच्या खाली मेंदूत केव्हाही रक्तस्राव होतो, म्हणून आधी प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवून घ्याव्यात, हा आजार प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे होतो, म्हणून ती वाढवणारे काढे घ्यावेत, पपईच्या पानांचा रस घेतला तर तीन दिवसांत आकडा दुप्पट होतो, डॉक्टर देतात ती स्टेरॉइड्स विष आहेत, ती लगेच बंद करावीत, आणि एवढे करूनही गुण आला नाही तर प्लीहा काढून टाकावी, म्हणजे आजार मुळासकट जातो. शेवटी बीट, डाळिंब, खजूर आणि रोज दोन पेले दूध.

मी रक्त तपासणारा डॉक्टर आहे. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, अहवाल रुग्णाच्या हाती पडण्याआधी माझ्या टेबलावरून जातो, आणि अहवालानंतर येणाऱ्या फोनवरून मला कळते की हा संदेश लोक वाचून सोडून देत नाहीत, त्याप्रमाणे वागतात. म्हणून त्यातील एकेका विधानाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सगळ्या विधानांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: प्लेटलेट्स कमी होणे हा एकच आजार आहे आणि टाकीत पाणी कमी झाल्यावर ते भरावे तसा त्यावरचा उपाय आहे. आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, या आजाराला ही उपमाच लागू पडत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्या अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींपासून तयार होतात आणि सात ते दहा दिवस जगतात. आयटीपीमध्ये शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करते. ती चिकटलेली प्लेटलेट प्लीहेतील भक्षक पेशी ओळखतात आणि गिळून टाकतात. ही प्रतिपिंडे मज्जेतील निर्मात्या पेशींनाही त्रास देतात, त्यामुळे नाश वाढतो तेव्हा निर्मितीही त्या प्रमाणात वाढू शकत नाही. पाणी कमी पडण्याचे कारण टाकीच्या तळाला पडलेले भोक आहे, आणि संदेशातील बहुतेक उपाय वरून बादल्या ओतण्याचे आहेत.

आता पहिले विधान, आकड्याच्या भीतीचे. दीड लाख ही प्रयोगशाळेच्या संदर्भकक्षेची खालची कड आहे, धोक्याची रेषा नव्हे. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००९ मध्ये आयटीपीची व्याख्या ठरवली तेव्हा सीमा दीड लाखावर न ठेवता एक लाखावर आणली, कारण एक ते दीड लाखाच्या दरम्यान आकडा असलेल्या निरोगी माणसांवर आजाराचा शिक्का बसू नये. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, नव्याने निदान झालेल्या प्रौढ रुग्णाच्या प्लेटलेट्स ३०,००० किंवा त्याहून अधिक असतील आणि रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल, तर स्टेरॉइड्स सुरू न करता केवळ लक्ष ठेवावे. संदेश ज्या पन्नास हजारांवर मृत्यूची भीती घालतो, त्या आकड्याला हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ, अनेकदा एकही गोळी लिहीत नाही, पुढच्या तपासणीची तारीख देतो आणि रुग्णाला कामावर जायला सांगतो.

रक्तस्रावाचा धोका खोटा आहे असे मी म्हणत नाही. मेंदूतील रक्तस्राव ही या आजारातील सर्वांत भीषण गुंतागुंत आहे, पण ती विरळ आहे. मुलांमध्ये ती शेकडा एकाहूनही कमी रुग्णांत होते. ती बहुधा फार खालच्या आकड्यांवर दिसते, आणि वाढते वय, पूर्वीचा रक्तस्राव, उच्च रक्तदाब, डोक्याला लागलेला मार किंवा रक्त पातळ करणारी औषधे यांनी धोका वाढतो. एकाच आकड्याची दोन माणसे सारखी नसतात. १५,००० प्लेटलेट्स असलेल्या एखाद्या तरुणीच्या पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतात, बाकी काही नसते. तिच्या प्लेटलेट्स संख्येने थोड्या असल्या तरी बहुतांशी ताज्या आणि आकाराने मोठ्या असतात व आपले काम बऱ्यापैकी निभावतात. उलट केमोथेरपीमुळे मज्जाच थंडावलेल्या रुग्णाचा तोच आकडा वेगळी चिंता निर्माण करतो. म्हणून डॉक्टर अहवालाबरोबर त्वचा आणि तोंडाच्या आतला भागही पाहतात, वारंवार घोळणा फुटतो का, हिरड्यांतून रक्त येते का, पाळीत अतिस्राव होतो का, शौच काळे होते का हे विचारतात. आयटीपीच्या उपचाराचे ध्येय अहवाल दीड लाखावर नेणे हे नसून रुग्णाला रक्तस्रावापासून सुरक्षित ठेवणे हे आहे, आणि त्यासाठी वीस-तीस हजारांच्या वरचा स्थिर आकडा बहुतेकांना पुरतो. मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण असेल तेव्हा साधारण ५०,००० किंवा त्याहून अधिक हवे असतात. तो प्रश्न त्या प्रसंगापुरता असतो.

आकड्याविषयी प्रयोगशाळेतले आणखी एक सत्य येथे नोंदवतो, कारण त्याचा उल्लेख अशा संदेशांत कधीच नसतो. सीबीसीसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, तिच्यात ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते. काही माणसांच्या प्लेटलेट्स या रसायनामुळे नळीत एकमेकींना चिकटतात, यंत्र त्या गुठळ्यांना प्लेटलेट्स म्हणून मोजत नाही, आणि अहवालात २०,००० छापून येतात. त्याच माणसाचे रक्त काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, किंवा सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीत घेऊन पुन्हा मोजले, की प्लेटलेट्स पुरेशा निघतात. काही कुटुंबांत जन्मतःच प्लेटलेट्स मोठ्या आणि कमी असतात. त्यांनाही आयटीपी नसतो. आयटीपी सिद्ध करणारी एकच निर्णायक चाचणी नाही, तो इतर कारणे वगळून ठरवला जातो: औषधांचा परिणाम, एचआयव्ही, हेपॅटायटिस सी, ल्युपस, यकृताचा आजार, वाढलेली प्लीहा आणि काचपट्टीवर दिसू शकणारा रक्ताचा कर्करोग. आकडा पाहून घरच्या घरी निदान आणि उपचार ठरवणारा माणूस या साऱ्या शक्यता न तपासता मागे टाकतो.

पिशव्या चढवण्याचा सल्ला पहिल्याच विधानातून निघतो आणि नातेवाइकांच्या मनावर सर्वाधिक पकड त्याचीच असते. सिंगल डोनर, म्हणजे एकाच दात्याकडून घेतलेल्या, प्लेटलेट्ससाठी रात्रभर रक्तपेढ्यांना फोन करणारी, दाता शोधत दुचाकीवर शहर पालथे घालणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या धावपळीत प्रेम असते, म्हणून हे लिहिताना जड जाते. पण दात्याच्या प्लेटलेट्सवरही तीच खूण असते जिच्यावर रुग्णाची प्रतिपिंडे चालून जातात. त्यामुळे चढवलेल्या प्लेटलेट्स अनेकदा काही तासांतच नष्ट होतात, दुसऱ्या दिवशीचा अहवाल पूर्ववत येतो आणि घरातले पुढच्या पिशवीच्या शोधात निघतात. आयटीपीमध्ये प्लेटलेट्स चढवण्याला जागा आहे, ती जीवघेण्या रक्तस्रावाच्या प्रसंगी, आणि तेव्हाही एकट्या नव्हे, तर शिरेतून दिलेली इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने. केवळ आकडा सुधारावा म्हणून चढवलेली पिशवी रुग्णाच्या खात्यावर खर्च आणि रक्तसंक्रमणाची जोखीम जमा करते. टीटीपी नावाच्या, नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दुसऱ्या आजारातही प्लेटलेट्स खूप घटतात. तेथे त्या चढवणे अपायकारकही ठरू शकते, आणि हे दोन आजार वेगळे ओळखण्यासाठी पुन्हा ती काचपट्टीच पाहावी लागते.

‘प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे आयटीपी होतो’ हे विधान तर वस्तुस्थितीला नेमके उलटे करते, आणि ते खोटे ठरवणारा प्रयोग सत्तर वर्षांहून जुना आहे. १९५० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरने या आजाराच्या एका रुग्ण स्त्रीचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत चढवून घेतले. तो ठणठणीत होता. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स जवळजवळ नाहीशा झाल्या, अंगावर काळेनिळे डाग उमटले, त्याला झटकाही आला, आणि पुढे सुमारे आठवडाभरात आकडा आपोआप पूर्ववत झाला. त्या स्त्रीच्या रक्तातील कोणता तरी घटक प्लेटलेट्सचा नाश करतो हे त्यातून दिसले. तो घटक म्हणजे प्रतिपिंडे, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. (आजची कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) आयटीपीमध्ये प्रतिकारयंत्रणा झोपलेली नसते, ती चुकीच्या लक्ष्यावर काम करत असते, म्हणूनच या आजारावरची बहुतेक औषधे ही यंत्रणा आवरणारी आहेत. तिला ‘बूस्ट’ करण्याच्या सल्ल्यामागे कोणताही शास्त्रीय तर्क उरत नाही.

हा सल्ला निरुपद्रवी आहे असेही म्हणता येत नाही. संदेशातील काढ्यात गुळवेल अग्रभागी आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यातील कित्येकांची इजा स्वयंप्रतिकारक यकृतदाहासारखी, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा यकृतावरच उलटावी तशी, होती. आयुष मंत्रालयाने पहिल्या नोंदीवर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही असे म्हटले. हा आक्षेपही वाचकाला माहीत असावा. पण एक स्वयंप्रतिकारक आजार आधीच असलेल्या माणसाने, ज्याच्या पुढच्या औषधांसाठी यकृताच्या चाचण्या पाहाव्या लागणार आहेत, हा काढा स्वतःहून सुरू करू नये, एवढा सावधपणा या नोंदींमधून निश्चित निघतो.

पपईच्या पानांच्या रसाबाबत मी थोडे सबुरीने लिहितो, कारण त्याच्या मागे निव्वळ अफवा नाही. डेंग्यूच्या रुग्णांवर या पानांच्या अर्काच्या काही चाचण्या भारतात आणि अन्यत्र झाल्या आहेत, त्यांपैकी काहींत आकडा थोडा लवकर वर आल्याचे दिसले, आणि त्याच्या गोळ्याही बाजारात मिळतात. मात्र त्या चाचण्यांपैकी अनेकींची रचना कच्ची होती, आणि डेंग्यूत एक अडचण मुळातच आहे: ताप उतरल्यानंतरचे नाजूक एक-दोन दिवस सरले की प्लेटलेट्स बहुसंख्य रुग्णांत आपोआपच वाढू लागतात. आजाराच्या पाचव्या दिवशी रस सुरू केला आणि आठव्या दिवशी आकडा दुप्पट झाला, तर श्रेय रसाला मिळते. त्याच वॉर्डात रस न घेतलेल्या रुग्णाचा आकडाही दुप्पट झालेला असतो, फक्त त्याचा संदेश कोणी पाठवत नाही. शिवाय डेंग्यूत जीव घेणारी गोष्ट बहुधा प्लेटलेट्सची घट नसून रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळणे ही असते. आयटीपीच्या प्रौढ रुग्णात तर आकडा सहसा असा काही दिवसांत आपोआप चढतही नाही. त्यांपैकी अनेकांत आजार महिनोन्‌महिने रेंगाळतो. प्रतिपिंडांमुळे होणारा नाश हा रस थांबवतो, असे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही. कडू रसाने वांत्या होऊन स्टेरॉइडची गोळी पोटात टिकली नाही, तर अपाय मात्र ताबडतोब होतो.

मुलांच्या बाबतीत हा श्रेयाचा गोंधळ अधिक वाढतो. सर्दी-तापासारख्या विषाणूसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर अचानक ठिपके आणि डाग दिसू लागतात, आकडा कधी १०,००० च्याही खाली असतो, आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. आणि तरीही अशी सुमारे ८० टक्के मुले वर्षभरात, बरीचशी काही आठवड्यांतच, बरी होतात, पुष्कळदा कोणत्याही औषधाशिवाय. म्हणूनच २०१९ च्या त्याच सूचना, रक्तस्राव नसलेल्या किंवा किरकोळ असलेल्या मुलाला औषध न देता निरीक्षणाखाली ठेवावे असे सुचवतात. या काळात मुलाला जे काही दिले जाईल, मग तो रस असो, अंगारा असो की महागडे टॉनिक, ते ‘लागू पडले’ असेच वाटणार. मुलाची खरी काळजी वेगळी आहे: डोक्याला मार बसेल असे खेळ टाळणे, तापासाठी पॅरासिटामॉल देणे, आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन न देणे, आणि गावातल्या दवाखान्यात कमरेत टोचले जाणारे इंजेक्शन नाकारणे. प्रौढांनाही हेच लागू आहे; गुडघेदुखीसाठी रोज घेतली जाणारी डायक्लोफिनॅकची गोळी उरल्यासुरल्या प्लेटलेट्सचे कामही बिघडवते.

‘स्टेरॉइड्स विष आहेत, ताबडतोब बंद करा’ हे वाक्य संदेशातील सर्वांत घातक आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने साखर आणि रक्तदाब वाढतो, झोप उडते, चेहरा सुजतो, चिडचिड होते. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, आणि आपल्या देशात दडलेला क्षयरोग डोके वर काढण्याची भीती असते. हे दुष्परिणाम तज्ज्ञांना नाकारायचे नाहीत. उलट ते ओळखूनच उपचाराची मुदत ठरवलेली आहे. प्रेडनिसोलोन काही आठवडे, कमी करत जाण्याचा काळ धरून एकूण सहा आठवड्यांच्या आत, किंवा डेक्सामेथासोन रोज ४० मिलिग्रॅम केवळ चार दिवस, अशी आजची पद्धत आहे. बहुसंख्य रुग्णांचा आकडा त्यावर वाढतो. औषध थांबल्यावर तो अनेकांत पुन्हा घसरतो, आणि तेव्हा स्टेरॉइड लांबवत न बसता दुसऱ्या फळीच्या औषधाकडे वळावे लागते. एखाद्या रुग्णाला सहा महिने प्रेडनिसोलोन चालू असेल, तर त्याने डॉक्टरांना ‘आता पुढे काय’ असे जरूर विचारावे. ती तक्रार रास्त आहे. पण काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करतात, आणि गोळी एका दिवसात बंद केली तर थकवा, उलट्या, रक्तदाब कोसळणे इथपर्यंत मजल जाऊ शकते, शिवाय प्लेटलेट्स घसरतात त्या वेगळ्याच. मात्रा कमी करायची ती टप्प्याटप्प्याने.

दुसऱ्या फळीत आज बरेच पर्याय आहेत हे संदेश लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नाही, नाहीतर त्याने थेट प्लीहेवर उडी घेतली नसती. प्लीहा, म्हणजे जुन्या लोकांची पाणथरी, काढण्याचा इतिहास मोठा आहे: १९१६ मध्ये प्रागमधील पॉल काझनेल्सन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना ती काढण्याची सूचना केली आणि रुग्ण स्त्रीचा आकडा वाढला. त्या काळात प्रतिपिंडांची कल्पनाही नसताना हे सुचणे थोरच. आजही या शस्त्रक्रियेचा गुण सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत टिकतो. याचा दुसरा अर्थ असा की एक-तृतीयांशांत टिकत नाही, कारण भक्षक पेशी यकृतातही असतात आणि प्रतिपिंडे तयार होणे चालूच राहते. ‘मुळासकट’ हा शब्द म्हणूनच चूक आहे. प्लीहा गेल्यावर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा भयंकर संसर्ग होण्याचा धोका जन्मभर राहतो, त्यासाठी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी लसी घ्याव्या लागतात, आणि नंतर प्रत्येक तीव्र ताप तातडीचा समजावा लागतो. अनेक रुग्णांत आजार पहिल्या वर्षात आपोआप ओसरतो, म्हणून निदानानंतर किमान वर्षभर तरी ही शस्त्रक्रिया लांबवावी असा आजचा सल्ला आहे. दरम्यान मज्जेला प्लेटलेट्स बनवण्याचा इशारा देणारी एल्ट्रोम्बोपॅगची गोळी आणि रोमिप्लोस्टिमचे आठवड्याचे इंजेक्शन २००८ पासून वापरात आहेत, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशींवर काम करणारे रिटुक्सिमॅब आहे, आणि ज्यांना यांतले काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी भारतातील हिमॅटॉलॉजिस्ट कुष्ठरोगावरची जुनी, स्वस्त डॅप्सोनची गोळी जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी करून वापरतात. तिचा उल्लेख कोणत्याही संदेशात नसतो, बहुधा ती फार साधी असल्यामुळे.

उरली खाण्याची यादी. बीट आणि डाळिंब लाल असतात एवढाच त्यांचा रक्ताशी संबंध संदेशात जोडलेला दिसतो; ते खाण्यात गैर काही नाही आणि त्याने प्लेटलेट्स वाढतही नाहीत. दुधाची गोष्ट मात्र निराळी आहे. एल्ट्रोम्बोपॅग कॅल्शियमशी बांधले जाते आणि मग आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही. म्हणून ही गोळी दूध, दही, पनीर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीची काही औषधे यांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर घ्यावी लागते. संदेशावर विश्वास ठेवून रोज सकाळी दुधाच्या पेल्याबरोबर ती गिळणाऱ्या रुग्णाचा आकडा तीन आठवड्यांनंतरही हलत नाही; डॉक्टर मात्रा वाढवतात, घरचे ‘अ‍ॅलोपॅथी लागू पडत नाही’ असे ठरवून मोकळे होतात, आणि तो पेला गोळीबरोबरच जातो का, हे विचारायचे दोघांकडूनही राहून जाते.